ऑपरेशनमध्ये चूक झाली तर डॉक्टर ती पेशंटला सांगत का नाहीत?

वडिलांच्या ऑपरेशनवरून तुम्ही हे विचारलंय, पण सगळेच लपवतात असं नाही. माझ्या आईच्या पित्ताच्या पिशवीत खडे होते, लातूरला दुर्बिणीनं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी ड्रेनच्या (पोटातलं पाणी बाहेर काढायला लावलेल्या नळीच्या) पिशवीत हिरवट-पिवळं पाणी उतरायला लागलं. संध्याकाळी सर्जननी मला आणि चुलत्यांना केबिनमध्ये बसवलं, लेटरपॅडवर यकृत काढलं, खाली नळी काढली आणि तिच्यावर पेनानं आडवी रेघ मारली. "इथं माझ्याकडून पित्तनळीला इजा झाली. दुरुस्ती मी करणार नाही, ज्यांचं हे रोजचं काम आहे त्यांच्याकडं पाठवतो."

बाहेर आल्यावर चुलते म्हणाले, "चार पोरं बोलाव, काचा फुटल्याबिगर कळत नसतंय ह्यांना." डॉक्टर तोंड का उघडत नाहीत याचं निम्मं उत्तर इथंच आहे. दवाखान्यावर हल्ला केला तर तीन वर्षांपर्यंत कैद, असा कायदा महाराष्ट्रात 2010 पासून आहे, पण गर्दी जमली की तो कुणाला आठवतो? उरलेलं निम्मं म्हणजे ग्राहक आयोग. सुप्रीम कोर्टाच्या 1995 च्या निकालापासून पैसे घेऊन केलेला उपचार ग्राहक कायद्यात येतो, म्हणून कबुली अंगाशी येण्याची धास्ती. (जेलची धास्ती जरा जास्तच घेतात. सुप्रीम कोर्टाच्याच 2005 च्या निकालाप्रमाणं फौजदारी गुन्ह्याला साधी चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा लागतो.)

तरी सांगायलाच पाहिजे. आईला संभाजीनगरला पाठवताना सर्जननी सोबत दिलेल्या पत्रात नळीला कुठं, काय झालं ते स्पष्ट लिहिलेलं होतं, त्यामुळं तिथल्या डॉक्टरांचा वेळ शोधाशोधीत गेला नाही. 'थोडं इन्फेक्शन आहे, बघू' म्हणत आठवडा काढला असता तर आई हाताला लागली नसती असं मला वाटतं.

त्या सर्जननी स्वतःचं बिल घेतलं नाही. पुढचा सगळा खर्च मात्र आमचा, घरातलं सोयाबीन पडेल त्या भावानं विकून. ते अजून सलतं. चांगलं बोलले म्हणून नुकसान भरून निघत नाही.

तुमच्या वडिलांचे डॉक्टर 'असं होतं कधी कधी' एवढंच म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. ते खरंही असू शकतं. चांगल्या हातूनही गुंतागुंत होते. केस पेपर आणि ऑपरेशन नोट्सची प्रत लेखी अर्ज करून मागा, पोच घ्या. नियमाप्रमाणं 72 तासांत द्यावी लागते. ते कागद आधी दुसऱ्या गावच्या सर्जनला दाखवा. ग्राहक आयोगात जायचं ठरलंच तर मुदत दोन वर्षांची आहे, तेव्हा घाई नको पण विसरूही नका.