बेट दिसलं, पण उतरता आलं नाही. पैसे कुणाकडे मागायचे?

प्रश्न : मी ठाण्याची निवृत्त शिक्षिका. दक्षिण पॅसिफिकच्या क्रूझमध्ये कुक बेटांतल्या आयतुताकीला एक दिवसाचा थांबा होता. तिथल्या लगूनची, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतल्या उथळ समुद्राची, सहल आम्ही दोघांनी आमच्या टूर कंपनीकडून वेगळे 36 हजार रुपये भरून घेतली. जहाज बेटाजवळ पोचलं, पण लाटा मोठ्या आहेत म्हणून कॅप्टनने कुणालाच उतरू दिलं नाही. टूर कंपनी म्हणते, नैसर्गिक कारण आहे, परतावा नाही. दाद मागायची तर फ्लोरिडाच्या कोर्टात जा. कॅप्टनवर दावा लावता येईल का?

उत्तर : ताई, कॅप्टनचा नाद सोडा. आयतुताकीला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. ते प्रवाळाच्या कड्याबाहेर थांबतं आणि प्रवासी लहान टेंडर बोटीतून आरुतांगा गावाला जातात. लाट उसळली की जहाजाचा फलाट आणि बोट एकमेकांपासून खालीवर होऊ लागतात, आणि त्या मधल्या फटीवरून प्रत्येक प्रवाशाला पाऊल टाकायचं असतं. सोलास या समुद्री सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या प्रकरणातला नियम 34-1 स्पष्ट सांगतो की प्रवाशांच्या जिवाच्या सुरक्षेसाठी कॅप्टनने घेतलेल्या निर्णयात जहाजाच्या मालकानेही आडवं येऊ नये. हा नियम तुमच्याच भल्याचा आहे. त्याच्याविरुद्ध भांडून काही हाती लागणार नाही.

जहाज कंपनीकडून मिळण्यासारखं थोडंच आहे. बंदर रद्द करण्याचा हक्क तिकिटाच्या करारात बहुधा राखलेला असतो. मात्र त्या बंदराचे कर आणि शुल्क बऱ्याच कंपन्या परत करतात. प्रवासाच्या शेवटी खोलीच्या खात्याचं जे बिल मिळालं, त्यात तशी जमा आहे का ते बघा. दाद फ्लोरिडाच्याच कोर्टात मागायची, ही तिकिटातली अट खोटी नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली श्यूट दाम्पत्याच्या खटल्यात तिकिटावर छापलेली अशीच अट ग्राह्य धरली होती. पण ती अट तुमच्या आणि जहाज कंपनीच्या करारातली आहे. टूर कंपनीने स्वतःच्या नावाने पावती देऊन लगूनची सहल विकली असेल, तर तो करार निराळा. त्याला फ्लोरिडाची ढाल चालत नाही.

आता मुख्य मुद्दा. समुद्र खवळला म्हणून सहल झाली नाही, हे मान्य. त्यामुळे टूर कंपनीकडून नुकसानभरपाई मिळणं कठीण आहे. पण भरपाई देणं वेगळं आणि न दिलेल्या सेवेचे पैसे ठेवून घेणं वेगळं. भारतीय करार कायद्याच्या कलम 56 नुसार, करार पार पाडणं पुढे अशक्य झालं तर तो शून्य, म्हणजे रद्दबातल, होतो. आणि कलम 65 नुसार, शून्य झालेल्या कराराखाली ज्याने लाभ घेतला, त्याने तो परत करायचा असतो. तुमच्या मागणीचा पाया हाच. पावतीमागे ‘परतावा नाही’ छापलं असेल तर कंपनी ते पुढे करणार. अशा एकतर्फी अटीविरुद्ध ग्राहक आयोगात भांडता येतं. बेटावरच्या बोटवाल्याला पैसे पोचलेत असं कंपनी म्हणाली, तर पुरावा मागा. ते खरंच पोचले असतील तर तेवढ्यापुरतं मन मोठं करा असं मला वाटतं. त्या छोट्या बेटावर जहाज न थांबल्याने त्याचाही दिवस बुडाला. पण कंपनीने स्वतःकडे ठेवलेला पैसा सोडायचं कारण नाही.

आधी स्पीड पोस्टाने आणि ईमेलने नोटीस द्या, पंधरा दिवसांची मुदत ठेवा. सोबत सहलीची पावती, माहितीपत्रक आणि बंदर रद्द झाल्याचं जहाजावरचं पत्रक जोडा. दाद मिळाली नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 34 नुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात, म्हणजे ठाण्यातच तक्रार करता येते, ऑनलाइनसुद्धा. सेवेसाठी तुम्ही भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची.

माहितीपत्रकात ‘हवामानानुसार’ असा शब्द आहे का, हे तेवढं नीट वाचा. नसेल, आणि लगूनचा फोटो छापून थांबा पक्का असल्याचं भासवलं असेल, तर दिशाभूल करणारी जाहिरात हा मुद्दाही तक्रारीत घाला. मानसिक त्रासापोटी लाखोंची रक्कम मात्र मागू नका. 36 हजार, त्यावरचं व्याज आणि तक्रारीचा खर्च, एवढीच मागणी ठेवलीत तर समोरची कंपनी आयोगातल्या मध्यस्थीतच तडजोडीला तयार होण्याची शक्यता जास्त.