चिपचे भाव पडले की शेअर कोणाचा घ्यायचा?

खारघरच्या मित्राने विचारलंय की इंटेल आणि एएमडी या कॉम्प्युटरचे प्रोसेसर बनवणाऱ्या कंपन्या एकमेकांचे भाव पाडायला लागले की गुंतवणूकदाराने कोणाच्या बाजूने उभं राहायचं. आतापर्यंत दोन मतं आलीत. एक म्हणजे जो स्वस्त देतो तो मार्केट शेअर खातो, म्हणून एएमडी घ्या. दुसरं म्हणजे इंटेलचा खिसा मोठा, तो तोटा सोसून समोरच्याला थकवेल. मला दोन्ही अर्धवट वाटतात, कारण सगळे विकायच्या किमतीवर भांडतायत आणि ती एक चिप बनवायला कोणाला किती पडते हे कोणी विचारतच नाहीये. सगळा खेळ तिथे आहे.

2006 सालचंच बघा. जुलैमध्ये इंटेलने कोअर 2 ड्युओ आणला आणि एएमडीला एका रात्रीत भाव निम्म्यावर आणावे लागले. त्यांचा एक्स2 5000+ हा 696 डॉलरवरून 301 वर आला आणि 3800+ हा 303 वरून 152 वर. तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं, वा, आता एएमडी धडाधड विकणार. पण आतली गोष्ट अशी की इंटेल 65 नॅनोमीटरवर गेला होता आणि एएमडी अजून 90 वरच होता, आणि हा आकडा जितका लहान तितकी चिप कमी जागेत बसते. कोअर 2 ड्युओची चिप 143 चौरस मिलिमीटर, आणि एएमडीची मोठ्या कॅशवाली (कॅश म्हणजे चिपमधलीच झटपट मेमरी) एक्स2 तब्बल 230. आता 300 मिलिमीटरची वेफर, म्हणजे जिच्यातून चिप कापतात ती सिलिकॉनची गोल चकती, घेतली तर तिचं क्षेत्रफळ साधारण 70 हजार चौरस मिलिमीटर, म्हणजे कडेचा वाया जाणारा भाग सोडला तर एकाच्या अंदाजे साडेचारशे चिप निघतात आणि दुसऱ्याच्या अडीचशेच्या थोड्या वर. त्यात मोठ्या चिपमध्ये खोट निघण्याची शक्यताही जास्त, त्यामुळे चांगला माल आणखी कमी. भाव दोघांनी पाडले, पण एकाचं रक्त वाहत होतं आणि दुसऱ्याला खरचटलं होतं.

खरचटलं असं म्हणतोय ते उगाच नाही, कारण इंटेलचा नफासुद्धा 2005 च्या 8.7 अब्ज डॉलरवरून 2006 मध्ये 5 अब्जांवर आला. एएमडीचं मात्र 2007 च्या पहिल्या तिमाहीत ग्रॉस मार्जिन (विक्रीतून माल बनवायचा खर्च वजा जाता उरतो तो हिस्सा) 28 टक्के आणि तोटा 611 मिलियन. वर त्यांनी 2006 मध्येच 5.4 अब्जांना ग्राफिक्स चिपवाली एटीआय विकत घेतली होती, तेही कर्ज काढून, नेमकं लढाई पेटलेली असताना. शेअर 2006 च्या सुरुवातीला चाळीस डॉलरच्या आसपास होता, नोव्हेंबर 2008 मध्ये दोनच्या खाली गेला, आणि 2009 मध्ये कारखाने वेगळे काढून ग्लोबलफाउंड्रीज ही कंपनी झाली.

आता उलटी बाजू. मार्च 2017 मध्ये एएमडीचा रायझेन प्रोसेसर आला, आठ कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला हिशोब करणारा एकेक भाग) 1800एक्स 499 डॉलरला, तर इंटेलचा आठ कोअरवाला 6900के हजारच्या वर. वरवर बघितलं तर हे 2006 सारखंच, एएमडी स्वस्त देतेय. पण यावेळी स्वस्त देणं परवडत होतं. पुढे 2019 मध्ये तर त्यांनी प्रोसेसरचे तुकडेच केले, कोअरवाला भाग 74 चौरस मिलिमीटरच्या आसपास आणि तेवढाच टीएसएमसीच्या (दुसऱ्यांच्या चिप बनवून देणारी तैवानची कंपनी) महागड्या 7 नॅनोमीटरवर, बाकी जोडणीचा भाग जुन्या स्वस्त प्रोसेसवर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंटेलने 18 कोअरच्या चिपची किंमत 1979 वरून 979 वर आणली, म्हणजे भाव अर्धा करायची पाळी यावेळी त्यांच्यावर आली, आणि एएमडीचं ग्रॉस मार्जिन 2016 च्या 23 टक्क्यांवरून 2019 ला 43 टक्क्यांवर गेलं. प्राइस वॉरमध्ये ज्याचं मार्जिन वाढतंय तो भाव पाडत नाहीये, तो समोरच्याला पाडायला लावतोय. मी तरी हीच एक गोष्ट आधी बघतो, शेअरचा चार्ट नंतर.

तरी घाई नको, आणि हे मी कळकळीने सांगतोय कारण 2017 मध्ये इंटेल संपली म्हणून ओरडणारे खूप होते. 2019 मध्ये इंटेलची विक्री 72 अब्ज होती, 2020 मध्ये जवळपास 78 अब्ज! बाजारच इतका वाढत होता की मार्केट शेअर गमावूनही आकडा वर जात होता. दुखणं दिसलं ते 2022 पासून, आणि 2024 मध्ये ग्रॉस मार्जिन 33 टक्क्यांच्या आसपास, तोटा 18.8 अब्ज, डिव्हिडंड बंद. स्वतःचे कारखाने असले की हे होतं, माल कमी खपला तरी मशीनचा घसारा थांबत नाही, म्हणून मग कारखाना चालू ठेवायला अजून भाव पाडायचा मोह होतो. एएमडीला तो बोजा नाही, पण तिला टीएसएमसीच्या दारात रांगेत उभं राहावं लागतं आणि तिथे भाव टीएसएमसी ठरवते, हेही विसरू नका.

आणखी एक, जे फक्त किंमत यादी बघून कळत नाही. मी ऐरोली-महापे पट्ट्यात सर्व्हर खरेदीच्या कामात आहे. कोटेशन समोर आलं की प्रोसेसर ही त्यातली एक ओळ असते, खाली मेमरी, एसएसडी, नेटवर्क कार्ड, सपोर्ट, आणि मग सॉफ्टवेअरचं लायसन्स. विंडोज सर्व्हर 2016 पासून कोअर मोजून पैसे घेतात, बरीच डेटाबेस आणि व्हर्च्युअलायझेशनची लायसन्सही तशीच. म्हणजे 64 कोअरची चिप सवलतीत मिळाली तरी लायसन्सचं बिल इतकं फुगतं की कस्टमर स्वतःहून म्हणतो कमी कोअरवाली पण फास्ट द्या. शिवाय रॅकला किती किलोवॅट मिळालेत ते ठरलेलं असतं, त्यात कुलिंगची वीज वेगळी. त्यामुळे सर्व्हरमध्ये दहा-पंधरा टक्के भाव पाडून गिऱ्हाईक सहसा पळत नाही, एका वॅटमागे काम किती होतं यावर पळतं, आणि एकदा गेलं की लवकर परत येत नाही कारण सगळं टेस्टिंग पुन्हा करायचं कोण. डेस्कटॉपचं वेगळं, तिथे मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, हजार-दोन हजारांच्या फरकाने माणूस ब्रँड बदलतो. म्हणून डेस्कटॉपचे भाव पडल्याची बातमी वाचून पूर्ण कंपनीबद्दल मत बनवू नका, डेटा सेंटरचा आकडा वेगळा काढून बघा.

आता थेट उत्तर. निकाल आले की ग्रॉस मार्जिन मागच्या चार तिमाहींशी ताडून बघा, मग इन्व्हेंटरी, म्हणजे न विकलेला साठा, बघा, विक्री सपाट आणि माल साठत चाललाय तर पुढच्या तिमाहीत भाव पडणार हे जवळपास धरून चाला. हे दोन्ही बिघडत असतील तर शेअर कितीही पडलेला दिसो, "स्वस्त मिळतोय" म्हणून मी तरी हात लावत नाही. आणि दोघांपैकी एक निवडायलाच पाहिजे असंही नाही, यांच्या भांडणात टीएसएमसी दोघांकडूनही काम घेते.

तुम्ही इथून बँकेमार्फत डॉलर पाठवून घेणार असाल तर वर्षाला दहा लाखांच्या पुढच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ टॅक्स, कापला जातो, तो रिटर्नमध्ये परत धरता येतो पण तोवर पैसा अडकतो. आणि शेड्यूल एफए, म्हणजे रिटर्नमधला परदेशी मालमत्तेचा तक्ता, भरताना ते आपल्या आर्थिक वर्षाचं नसून जानेवारी ते डिसेंबरचं असतं, बरेच जण तिथेच चुकतात, तेवढं सीएला आधी विचारून घ्या.