ईपीएसची मोटर गेली म्हणतात. अख्खा कॉलम बदलावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दहाएक वर्षांची छोटी हॅचबॅक आहे, डॅशबोर्डवर ईपीएसचा, म्हणजे विजेच्या मोटरवर चालणाऱ्या पॉवर स्टिअरिंगचा दिवा लागतो, स्टिअरिंग एकदम जड होतं, आणि गाडी बंद करून चालू केली की कधीकधी पुन्हा हलकं होतं. गॅरेजवाल्यानं ‘मोटर गेली, पूर्ण कॉलम (स्टिअरिंगच्या चाकाखालचा दांडा, मोटरसकट) नवा टाकावा लागेल’ असं सांगून घसघशीत इस्टिमेट हातात ठेवलंय. नुसती मोटर बदलून भागेल का, आणि पुण्यात हे काम कसं करून घ्यावं?

भागू शकतं. पण मोटरच गेली हे त्यांनी कशावरून ठरवलं, ते आधी विचारा. मी कोथरूडला गाड्यांच्या इलेक्ट्रिकचं काम करतो. ‘बंद करून चालू केलं की ठीक होतं’ असं गिऱ्हाईक म्हणालं की मी पान्यांना हात लावायच्या आधी मल्टीमीटर काढतो.

छोट्या गाड्यांमध्ये ही मोटर बहुधा बॉनेटखाली नसतेच. ती डॅशबोर्डच्या आत, तुमच्या गुडघ्यांच्या वर, स्टिअरिंग कॉलमला बसवलेली असते. तुम्ही स्टिअरिंग फिरवलंत की कॉलममधला एक बारीक दांडा, म्हणजे टॉर्शन बार, किंचित पिळला जातो. टॉर्क सेन्सर तो पीळ मोजतो, कंट्रोलर गाडीचा वेग बघून मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवतो, आणि मोटर वर्म गिअरमार्फत (स्क्रूसारखे आटे असलेला गिअर) कॉलमला जोर देते. यातला एक भाग बिघडला तरी दिवा तोच लागतो आणि स्टिअरिंग तसंच जड होतं. म्हणून नुसत्या दिव्यावरून ‘मोटर’ म्हणणं हा अंदाज आहे. आणि हो, यात ना तेल असतं, ना पंप, ना बेल्ट. ‘पॉवर स्टिअरिंगचं ऑइल भरून बघू’ असं कुणी म्हणालं तर चहा प्या आणि गाडी घेऊन निघा.

सगळ्यात स्वस्त संशयित आधी धरायचा: बॅटरी आणि तिच्या वायरी. उभ्या गाडीत स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवताना ही मोटर भरपूर करंट ओढते. सदाशिव पेठेत दोन दुचाकींच्या मधल्या फटीत गाडी घुसवताना तुम्ही जे करता, तेच. बॅटरी म्हातारी असेल, टर्मिनलवर पांढरा थर असेल किंवा बॉडीला जाणारी अर्थची वायर गंजली असेल, तर त्या क्षणी व्होल्टेज खाली बसतं आणि कंट्रोलर स्वतःला वाचवायला मदत बंद करतो. गाडी पुन्हा चालू केली की तो नव्यानं तपासतो, सगळं ठीक दिसतं, दिवा जातो. तुमचं लक्षण याच्याशी बरंच जुळतं.

तपासणी सोपी आहे. इंजिन बंद असताना, गाडी काही तास उभी राहिल्यावर बॅटरी साधारण 12.5 व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत 13.5 ते 14.5. आता इंजिन चालू ठेवून एकानं स्टिअरिंग पूर्ण फिरवायचं आणि दुसऱ्यानं ईपीएस कंट्रोलरच्या दोन जाड वायरींवर व्होल्टेज बघायचं. बॅटरीवर 14 आणि कंट्रोलरवर 11 दिसत असेल, तर मधल्या वायरीत, फ्यूजच्या बैठकीत किंवा अर्थच्या बोल्टमध्ये व्होल्टेज खाल्लं जातंय. मोटर नवी टाकलीत तरी फरक पडणार नाही. एका गिऱ्हाइकाला दुसरीकडे मोटरसाठी इस्टिमेट मिळालं होतं. इथे अर्थचा बोल्ट सोडवून, घासून, परत आवळल्यावर दिवा गेला तो आलाच नाही.

पुण्यात दोन गोष्टी जास्तीच्या बघतो. प्रभात रोड, एरंडवणे भागात झाडाखाली कायम उभ्या असलेल्या गाड्यांत काचेच्या खालच्या जाळीत पानं साचतात, पावसाळ्यात पाणी तुंबतं आणि कधी आत झिरपून डॅशबोर्डखालच्या कनेक्टरवर उतरतं. दुसरी गोष्ट उंदीर. सोसायटीच्या पार्किंगमधले उंदीर वायरीचं वेष्टण कुरतडतात, आणि स्पीड सिग्नलची बारीकशी वायर तुटली तरी ईपीएसचा दिवा लागू शकतो, कारण गाडीचा वेगच कळेनासा झाला की मदत किती द्यायची हे कंट्रोलरला ठरवता येत नाही.

यानंतर स्कॅनर. पण इंजिनचेच कोड वाचणारा स्वस्त स्कॅनर इथे बहुतेक वेळा निरुपयोगी. ईपीएस कंट्रोलरशी बोलणारा हवा. निघालेला कोड मेसेजमध्ये लिहून मागा, ‘मोटरचा कोड आलाय’ एवढं पुरेसं नाही. मोटरच्या करंटचा कोड मोटर खराब झाली म्हणून येतो, तसाच तिचा कनेक्टर सैल झाला म्हणूनही येतो, आणि कंट्रोलरमधला करंट देणारा भाग मेला म्हणूनही येतो. कोड रस्ता दाखवतो, घर नाही.

लक्षणांवरून मी असा अंदाज बांधतो. एकाच बाजूला जड, दुसऱ्या बाजूला हलकं, किंवा हात सोडल्यावर स्टिअरिंग स्वतःहून एकीकडे ओढतंय: संशय टॉर्क सेन्सरवर किंवा त्याच्या कॅलिब्रेशनवर (शून्य जुळवण्यावर), मोटर बहुधा निर्दोष. सकाळी ठीक आणि तासभर ट्रॅफिकमध्ये काढल्यावर जड: मोटरचे कार्बन ब्रश (फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे), नाहीतर कंट्रोलरच्या सर्किटवरचा सुटलेला सोल्डरचा टाका. खडबडीत रस्त्यावर स्टिअरिंगमधून टकटक येते पण दिवा नाही: मोटर आणि वर्म यांच्यामधला रबरी कपलर झिजलेला, किंवा खालचा जॉइंट अथवा रॅक (चाकं वळवणारी दात्यांची पट्टी). ह्युंदाईच्या काही गाड्यांत हा कपलर झिजणं नेहमीचंच, आणि तो भाग अगदी किरकोळ असतो. दिवा नाही आणि स्टिअरिंग सतत जड: टायरची हवा बघा, मग पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग फिरवा. तरीही अडकत असेल तर दोष यांत्रिक आहे, विजेचा नाही.

मोटर खरंच मेली का, हे बघायला बॅटरी काढून तिचा कनेक्टर सुटा करायचा. जुन्या पद्धतीच्या, दोन जाड वायरींच्या ब्रशवाल्या मोटरीत त्या दोन टोकांमधला रोध फार कमी, साधारण एक ओहमच्याही खाली असतो. मीटर ‘ओपन’ दाखवत असेल, किंवा मोटर हातानं फिरवताना आकडा उड्या मारत असेल, तर ब्रश किंवा कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो भाग) गेलाय. तीन वायरींच्या ब्रशलेस मोटरीत तिन्ही जोड्यांचा रोध सारखा यायला हवा. दोन्ही प्रकारांत वायर आणि मोटरचं कवच यांच्यात कसलाही संपर्क सापडता कामा नये. ही तपासणी काही मिनिटांची. ती न करता ज्यानं कॉलम बदलायला सांगितलं, त्यानं तुमच्या पैशानं प्रयोग करायचं ठरवलंय.

आता बदलण्याचं. काही गाड्यांत मोटर दोन-तीन बोल्टवर कॉलमला लावलेली असते आणि वेगळी निघते. पण कंपनीच्या पार्ट कॅटलॉगमध्ये बऱ्याचदा ती सुटी मिळत नाही. मोटर, सेन्सर आणि गिअर मिळून कॉलमचा एकच पार्ट नंबर असतो. म्हणून सर्व्हिस सेंटर कॉलमच म्हणतं. त्यात दरवेळी लबाडी नसते, त्यांच्याकडे दुसरा पर्याय नोंदलेलाच नसतो. बाहेर काम करणारे मात्र मोटरचे ब्रश बदलतात, कंट्रोलरचे टाके नव्यानं मारतात, कपलर टाकतात. त्यांच्याकडे जाताना नेमका दोष कुठे आहे ते कळलेलं असू द्या.

काम तुमच्यासमोर होणार असेल तर या गोष्टींवर नजर ठेवा. बॅटरीची निगेटिव्ह काढल्यावर काही मिनिटं थांबलंच पाहिजे, कारण एअरबॅगच्या सर्किटमध्ये चार्ज उरतो. स्टिअरिंगच्या चाकातली पिवळ्या कनेक्टरची ती थैली गंमत नाही. पुढची चाकं सरळ ठेवून स्टिअरिंग जागच्या जागी बांधायचं. कॉलम सुटल्यावर चाक मोकळं गरागरा फिरलं तर आतली क्लॉक स्प्रिंग (चाकापर्यंत जाणारी गुंडाळलेली चपटी वायर) तुटते आणि हॉर्न, एअरबॅग दोन्ही जातात. खालच्या युनिव्हर्सल जॉइंटवर आणि शाफ्टवर मार्करनं खूण करायची, म्हणजे परत बसवताना दाते पुढे-मागे होणार नाहीत. हातोडी बंद. कॉलम अपघातात आत दबावा म्हणूनच बनवलेला असतो, आणि एका ठोक्यात टॉर्क सेन्सर बिघडू शकतो. वर्मचं मोठं चाक बहुधा प्लास्टिकचं असतं, म्हणून हाताला लागेल ते ग्रीस त्यात कोंबायचं नाही.

बसवून झाल्यावर काम संपत नाही, आणि नेमकं इथेच बरेच जण घाई करतात. कोड पुसायचे, मग स्कॅनरवरून टॉर्क सेन्सरचं शून्य जिथे लागतं तिथे नव्यानं शिकवायचं. गाडीत ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) असेल तर स्टिअरिंग अँगल सेन्सरचंही. ते न केल्यास स्टिअरिंग एका बाजूला हलकं लागतं, आणि मग ‘नवी मोटरही खराब निघाली’ असं ऐकावं लागतं. गाडी सरळ जाताना स्टिअरिंगचं चाक वाकडं दिसत असेल, तर जॉइंट एखादा दाता चुकून बसलाय. ते अलाइनमेंटवाल्याकडून टाय रॉड (चाकांना जोडणारे दांडे) फिरवून झाकून घेऊ नका, जॉइंटच परत बसवायला लावा.

दुसऱ्या गाडीचा वापरलेला कॉलम बसवावा का? नाना पेठेत स्पेअरची दुकानं आहेत, मुंबईत कुर्ल्याहूनही गाड्यांचे जुने भाग येतात. पण स्टिअरिंगच्या बाबतीत मी कडक आहे. अपघातातल्या गाडीचा कॉलम आधीच दबलेला असू शकतो, पुरातल्या गाडीच्या कंट्रोलरमध्ये ओल असू शकते. पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे. त्याच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीचं पुढचं वजन वेगळं, म्हणून कंट्रोलरचं सेटिंगही वेगळं असू शकतं. तुमचा किल्लीचा लॉक आणि त्याभोवतीची इमोबिलायझरची (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेची) रिंग तुमच्या कॉलमवरून या बदली कॉलमवर लावून घ्या, नाहीतर गाडी सुरूच होणार नाही. वापरलेल्याला पैसे मोजण्यापेक्षा स्वतःचाच कॉलम दुरुस्त करून घेणं मला बरं वाटतं.

तोवर गाडी चालवायची असेल तर चालेल, कारण मदत बंद पडली तरी स्टिअरिंग आणि चाकांचा यांत्रिक संबंध शाबूत असतो. धोका जड होण्यात कमी, वळणात मध्येच जड होण्यात जास्त. म्हणून दिवा येत-जात असेल तर ताम्हिणी घाटात जायचा बेत पुढे ढकला, नवले पुलाच्या उतारावर गर्दीच्या वेळी जाणं टाळा. पार्किंगमध्ये गाडी किंचित पुढे-मागे सरकत असतानाच स्टिअरिंग फिरवा, आणि पूर्ण वळवून धरून ठेवू नका.

इस्टिमेट मागताना मोटर, दुरुस्ती, मजुरी आणि कॅलिब्रेशन वेगवेगळं लिहून घ्या आणि काढलेला भाग परत मागा. गाडीचं मॉडेल, वर्ष आणि स्कॅनरमधला कोड इथे खाली टाकलात तर नुसती मोटर सुटी निघते का ते सांगता येईल.