इंग्रज चित्रकार टर्नरच्या ‘रेन, स्टीम अँड स्पीड’ (पाऊस, वाफ आणि वेग) या चित्रात पूल धड दिसत का नाही?

तुमचा प्रश्न रास्त आहे: पुलावरच्या आगगाडीचं एवढं गाजलेलं चित्र, आणि त्यात पूलच धूसर! पण कमानी नि पाण्यातलं प्रतिबिंब शोधत बसलात तर हाती धुकंच लागेल. उजव्या खालच्या कोपऱ्यातून चित्राच्या मध्याकडे निमुळता होत गेलेला काळपट तपकिरी पट्टा बघा. तोच पूल. बाकी सगळं पावसात नि वाफेत विरघळलंय, ठाम आहे तो एवढाच.

पूल खराखुरा आहे. लंडनच्या पश्चिमेला मेडनहेडपाशी थेम्सवर इंजिनिअर ब्रुनेलने तो बांधला, १८३८ मध्ये पुरा झाला. रुळांना चढ नको आणि खालून नावाही जायला हव्यात, म्हणून नदीच्या मधोमध एकच खांब आणि दोन्ही बाजूंना १२८ फुटांच्या, विटांच्या, अगदी चपट्या कमानी. हा कोसळणार, असं तेव्हा भलेभले म्हणत होते. आजही त्यावरून गाड्या धावतात.

गंमत म्हणजे ज्या कमानींचा एवढा बोलबाला, त्यांच्याकडे टर्नरने जवळपास काणाडोळा केलाय. त्याला वेग रंगवायचा होता. म्हणून पूल खऱ्यापेक्षा झपकन अरुंद होत जातो आणि इंजिन अंगावर आल्यासारखं वाटतं. इंजिनाच्या तोंडावरची लाल धग तर निव्वळ थाप आहे. भट्टी मागे असते, समोरून दिसणार कशी? मला मात्र ती थाप फार आवडते.

डावीकडे फिकट रंगात आणखी एक पूल आहे, १७७७ चा दगडी, रस्त्याचा. खाली एक छोटी होडी. त्या काळातला दुसरा एखादा चित्रकार असता तर तोच जुना पूल मधोमध घेऊन बसला असता. टर्नरने त्याला बाजूला सारलं, तेही वयाच्या सत्तरीच्या आसपास, १८४४ मध्ये. आपल्याकडे बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटायला तेव्हा अजून नऊ वर्षं होती.

हे रेल्वेचं कौतुक की धसका, यावर जाणकारांचं एकमत नाही. मला त्यात दोन्ही दिसतं, कारण रुळांवर इंजिनापुढे जीव घेऊन पळणारा एक ससाही त्याने रंगवलाय. मूळ चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, पण रंग विरळ झाल्यामुळे ससा तिथे जेमतेम कळतो. तो नीट बघायचा असेल तर ब्रँडर्ड या कोरीवकाम करणाऱ्या कलाकाराने १८५९ मध्ये या चित्रावरून केलेलं छापचित्र शोधा.