घरी आल्यावर खर्ज कुठे गेला?

प्रश्न : महागडे इन-इअर मॉनिटर (कानाच्या आत घट्ट बसणारे इअरफोन) घेतले. दुकानात डग्गा छान घुमत होता, घरी आवाज पातळ वाटतो. नग सदोष असेल का? – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आधी टिप, म्हणजे मॉनिटरच्या टोकाची मऊ टोपी, तपासा. कानात फट राहिली की पहिला गळतो तो खर्ज. ४० हर्ट्झचा, म्हणजे खोल खर्जातला सूर वाजवून मॉनिटर हलकेच आत दाबा. आवाज वाढला तर मोठ्या मापाची टिप घ्या. दोन कानांना दोन मापं लागली तरी नवल नाही. एकच बाजू बसकी वाटत असेल तर मॉनिटरच्या नळीच्या जाळीत मळ अडकलाय का बघा. मग तबला ऐका : ‘ना’ हा बोल कडक हवा, पण टोचायला नको, डग्ग्यावरच्या ‘घे’ची घसीट (मनगट सरकवून वळवलेला सूर) शेवटपर्यंत कळायला हवी. दुसऱ्या जोडीशी तुलना करताना आवाज समान पातळीवर आणा, नाहीतर एखाद्या डेसिबलने मोठी वाजणारी जोडी उगाच सरस वाटते. आणि ही पारख कर्वे रोडच्या गोंगाटात नको!