गट अधिकारी झालास म्हणे

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

साखर कारखान्यात गट अधिकारी झालास, त्याचे पेढे पोचले. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंस, 'वरून साहेब झापतात, खालून शेतकरी. मी नुसता मधल्यामध्ये.' अरे, शेतावर जाऊन ऊस नोंदणाऱ्या चिटबॉयला ऊस दिसतो, कार्यकारी संचालकांना कागद. दोन्ही दिसतं ते मधल्यालाच.

2019च्या ऑगस्टात कृष्णेला महापूर आला. वाळवा-पलूसकडचा नदीकाठचा ऊस बुडाला. हंगाम सुरू झाला तसं वरून फर्मान आलं: लागण तारखेप्रमाणेच तोड, क्रम मोडायचा नाही. नियम चांगला, वशिल्याला त्यानेच चाप बसतो. पण माझ्या गटात शेंडे कुजलेले, कांड्यांना पांगशा, म्हणजे बाजूचे कोंब, फुटलेल्या. असा ऊस उभ्या-उभ्या वजन घालवतो आणि साखरही. मला दिसत होतं, तरी दहा दिवस 'वरून आलंय' एवढंच सांगत फिरलो. पगारी निरोप्या!

मग एका रात्री चिटबॉयांना घेऊन बसलो. नोंदवहीतले बुडीत प्लॉट काढले, शेंडा गेलेले आणि शेंडा जिवंत असलेले वेगळे केले. सकाळी तो कागद घेऊन वर गेलो. रडगाणं गायलो नाही. म्हटलं, शेंडा गेलेला आधी उचलू, बाकी क्रम तसाच; रोज चांगल्या उसात थोडा-थोडा घालू, म्हणजे साखरेचा उतारा एकदम पडणार नाही. साहेबांनी चष्मा काढून विचारलं, "तोडणीच्या टोळ्या किती लागतील?" तिथंच काम झालं.

खरी परीक्षा खाली होती. माळावरचा शेतकरी म्हणाला, "माझा आडसाल ऊस सोळा महिन्यांचा झाला, मीच का मागं?" त्याला कारण सांगितलं, प्लॉट दाखवायला नदीकाठी नेलं आणि तोडीची तारीख दिली. ती पाळताना जीव मेटाकुटीला आला. टोळ्यांचे मुकादम वेगळेच अडले. चिखलात लोळलेल्या उसात कोयत्यामागं, म्हणजे तोडणाऱ्या जोडीमागं, पुरेसे टन पडत नाहीत, जादा दर द्या म्हणाले. हे माझ्या कागदात नव्हतंच. पुन्हा वर जावं लागलं, थोडी बोलणी खाल्ली.

बिलाचं सगळे तुलाच विचारतील. कायद्यानं 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान भाव, द्यायची असते, पण ते तुझ्या हातात नाही. खोटी तारीख मात्र देऊ नकोस.

रविवारी ये. माझी जुनी डायरी देतो. कुठल्या ओढ्यात भरलेला ट्रॅक्टर रुततो, ते सगळं तीत आहे.

तुझा,
काका