स्वल्पविराम आणि एका दिवसाचा पगार

प्रश्न असा आहे: 'द एम्प्लॉईज हू केम लेट विल लूज अ डेज पे' आणि 'द एम्प्लॉईज, हू केम लेट, विल लूज अ डेज पे' या दोन वाक्यांत शब्द तेच, क्रमही तोच, मग दोन स्वल्पविरामांनी असा काय फरक पडतो?

पडतो, आणि थेट पगारात पडतो. पहिल्या वाक्याप्रमाणे फक्त उशिरा आलेल्यांचा पगार कापला जाईल. दुसऱ्याप्रमाणे सगळ्यांचा, कारण सगळेच उशिरा आले होते, हे ते वाक्य जाता जाता सांगून टाकतं. अशा दोन स्वल्पविरामांमधला मजकूर ही केवळ जादा माहिती असते. तेव्हा मधला भाग बोटाने झाका आणि उरलेलं वाचा: 'द एम्प्लॉईज विल लूज अ डेज पे.' हेच म्हणायचं असेल तर स्वल्पविराम द्या, नसेल तर देऊ नका.

मराठी माणसाचा इथे घोळ होतो, त्याला कारण आहे. आपल्याकडे हे काम 'जो' आणि 'तो' ही सर्वनामं करतात. 'जे कर्मचारी उशिरा आले त्यांचा पगार कापला जाईल' म्हटलं की कोणाचा ते ठरलं. मग स्वल्पविराम असो वा नसो. विरामचिन्हं मराठीत आली तीच मुळी एकोणिसाव्या शतकात, मेजर कँडी या इंग्रज कोशकारांच्या खटपटीने. तोवर आपली वाक्यं त्यांच्यावाचून व्यवस्थित चालली होती. त्यामुळे स्वल्पविराम म्हणजे दम खायची जागा, अशी आपली समजूत, आणि तीच आपण इंग्रजीत नेतो. 'द एम्प्लॉईज हू केम लेट, विल लूज...' असा एकुलता एक स्वल्पविराम दिसला की समजावं, लिहिणारा तिथे थांबला होता. बोलताना थांबायला हरकत नाही, पण लिहिताना कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये तो एकटा घालता येत नाही. इथे एक तर जोडी, नाही तर काहीच नाही. ('हू' किंवा 'विच'च्या जागी 'दॅट' असेल तर प्रश्नच मिटला, ते उपवाक्य स्वल्पविरामांत घालत नाहीत.)

हा नुसता पंतोजींचा हट्ट समजू नका. अमेरिकेतल्या मेन राज्यात ओकहर्स्ट डेअरीच्या ट्रकचालकांनी ओव्हरटाइमसाठी दावा लावला होता. कोणत्या कामांना ओव्हरटाइम लागू नाही याची कायद्यात यादी होती, तिचा शेवट असा: '...मार्केटिंग, स्टोअरिंग, पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन ऑफ', आणि पुढे मालाचे प्रकार. 'शिपमेंट'नंतर स्वल्पविराम नाही. कंपनीचं म्हणणं, पॅकिंग हे एक काम आणि डिस्ट्रिब्यूशन हे दुसरं. चालक माल पोचवतात, म्हणजे ते यादीत आले. चालक म्हणाले, काम एकच, पॅकिंग. ते रवानगीसाठी असो की वाटपासाठी, आम्ही काहीच पॅक करत नाही. त्यांच्या बाजूला आणखी एक बारकावा होता, आणि मला तोच जास्त आवडतो: यादीतली बाकी सगळी कामं 'इंग'ने संपतात, 'शिपमेंट' आणि 'डिस्ट्रिब्यूशन' तेवढी नाहीत. म्हणजे ही दोघं एका पंगतीतली. कंपनीही अगदीच पोकळ बोलत नव्हती. चालकांचा अर्थ घेतला तर शेवटच्या कामाआधी 'ऑर' उरतच नाही, आणि यादीतल्या शेवटच्या 'ऑर'आधी स्वल्पविराम देऊ नये असं त्या राज्याच्या कायदेलेखनाच्या नियमपुस्तिकेतच म्हटलं होतं. २०१७ साली अपील कोर्टाने मजकूर संदिग्ध ठरवून कौल चालकांना दिला. २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. पुढे विधिमंडळाने यादी नव्याने लिहिली तेव्हा कामाकामामध्ये चक्क अर्धविराम घातले आणि 'डिस्ट्रिब्यूशन'चं 'डिस्ट्रिब्यूटिंग' केलं.

संयोगचिन्हाचंही थोडं सांगतो, कारण तिथे चूक डोळ्यांना दिसत नाही. 'ट्वेंटी फोर-अवर शिफ्ट्स' म्हणजे चार-चार तासांच्या २० पाळ्या, एकूण ८० तास. 'ट्वेंटी-फोर-अवर शिफ्ट्स' म्हणजे सलग २४ तासांच्या पाळ्या. त्या किती, हे सांगितलेलंच नाही. चिन्हं गाळून नुसतं 'ट्वेंटी फोर अवर शिफ्ट्स' लिहिलं तर वाचणारा बहुधा दुसराच अर्थ घेईल. पहिला हवा असेल तर पाळ्यांची संख्या आकड्यात आणि तास अक्षरांत लिहा: '२० फोर-अवर शिफ्ट्स'.